दर महिन्याचं पातळ पुस्तक

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बालवाडीच्या ताईंना ओळखीच्यांनी जपानहून चार-पाच चित्रपुस्तकं आणून दिली. अक्षर कळत नाही, तरी मुलं ती पुस्तकं खाली ठेवत नाहीत. ‘ही पुस्तकं अशी कशी घडली, कोणी घडवली, आणि मी पुढे कुणाची पाहावीत?’ असं त्या विचारतात. जपानी बालसाहित्यातलं ‘तोत्तोचान’ सोडलं तर आपल्याला काहीच ठाऊक नाही, असंही त्यांनी लिहिलं आहे.

ताई, ‘तोत्तोचान’ वाचलंय म्हणजे जपानी चित्रपुस्तकांमधलं एक फार मोठं नाव तुमच्या घरात कधीच येऊन बसलंय. त्या पुस्तकातली मुलांची चित्रं इवासाकी चिहिरो यांची. (जपानीत आडनाव आधी येतं, मीही तसंच लिहितेय.) कुरोयानागी तेत्सुको यांचं मूळ पुस्तक १९८१ साली आलं आणि चिहिरो १९७४ सालीच गेल्या होत्या. म्हणजे ती चित्रं तोत्तोचानसाठी काढलेलीच नाहीत. चिहिरोंच्या मागे राहिलेल्या हजारो चित्रांमधून ती निवडली. तरीही वाचताना प्रत्येकाला वाटतं, हीच ती खिडकीतली मुलगी. असं का वाटतं, ते पुढे सांगते.

आधी मी हे कुठे शिकले ते सांगायला हवं. लग्नानंतर सहा वर्षं आम्ही नागोयाजवळ राहत होतो. मुलीला अडीच वर्षांची असताना तिथल्या पाळणाघरात घातलं. पहिला महिना संपताना ती पिशवीतून एक पातळ पुस्तक घेऊन आली. पुठ्ठ्याची बांधणी नाही, मधोमध दोन पिना, आणि बाईंनी पेनने घातलेलं तिचं नाव. मला वाटलं, जाहिरातीचं काहीतरी असेल. रात्री वाचायला घेतलं तर आत एकच गोष्ट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकाच चित्रकाराच्या हातची. पुढच्या महिन्यात दुसरं आलं. त्यानंतर आम्ही परत येईपर्यंत हा रतीब एकदाही चुकला नाही. पुढे तिच्या शाळेत सकाळी वर्गावर्गात जाऊन पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या आयांमध्ये मी सामील झाले. परत आल्यावर गेली अठरा वर्षं पुण्यात तेच करते आहे, आणि जपानीतून मराठीत भाषांतरंही करते.

इतक्या वर्षांनी माझं ठाम मत झालंय की आधुनिक जपानी चित्रपुस्तक त्या पिना मारलेल्या पातळ पुस्तकातून घडलं. चित्रकार थोर होतेच. पण त्यांना दर महिन्याला हात चालवायला जागा मिळाली, आणि हे पुस्तक कुणीतरी मुलाला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचणार आहे, हे धरूनच ते रचलं गेलं. बाकीचं सगळं या दोन गोष्टींना फुटलेलं आहे.

चित्रांतून गोष्ट सांगणं जपानमध्ये जुनंच. क्योतोच्या कोझान-जी मंदिराची बाराव्या-तेराव्या शतकातली चित्रगुंडाळी प्रसिद्ध आहे. तिच्यात ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात, पाण्यात उड्या मारतात, आणि सोबत एकही शब्द नाही. या गुंडाळीपासून थेट आजच्या पुस्तकापर्यंत रेघ ओढायची बऱ्याच अभ्यासकांना हौस असते. मला ती रेघ फार सरळ वाटते. मध्ये बरंच काही तुटलं आणि पुन्हा जोडावं लागलं. १९२२ साली ‘कोदोमो नो कुनी’, म्हणजे ‘मुलांचा देश’, हे देखणं मासिक निघालं. ताकेइ ताकेओ, ओकामोतो किइची, हात्सुयामा शिगेरू अशी माणसं त्यात चित्रं काढत. ताकेइंनी ‘दोगा’ म्हणजे ‘बालचित्र’ हा शब्द रुजवला. मुलांसाठीचं चित्र हे गोष्टीला लावलेलं ठिगळ नाही, ती स्वतंत्र कला आहे, हा त्यामागचा आग्रह. मग युद्ध आलं. कागद सरकारच्या ताब्यात गेला, मुलांच्या पुस्तकांत सैनिक आणि लढाऊ विमानं शिरली, आणि १९४४ साली ते मासिक बंद पडलं.

युद्धानंतर पहिलं मोठं पाऊल पडलं १९५३ साली. इवानामी शोतेन या प्रकाशनाने इशिइ मोमोको यांच्यासारख्या संपादकांच्या हाताखाली मुख्यतः परदेशी चित्रपुस्तकांची एक मालिका काढली. पुस्तकं निवडक होती, भाषांतरं उत्तम. पण सगळी पुस्तकं एकाच मापात बसवायची आणि मजकूर उभा छापायचा, असं ठरलेलं. उभ्या जपानी मजकुराचं पुस्तक उजवीकडून उघडतं. त्यामुळे काही पुस्तकांतली चित्रं आरशात पाहिल्यासारखी उलटी छापावी लागली. डावीकडून उजवीकडे निघालेला माणूस उलट दिशेने चालू लागला. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण चित्राला दिशा असते आणि पान उलटणं हा गोष्टीचाच भाग असतो, हे पुढच्या पिढीच्या चांगलं लक्षात राहिलं. इशिइबाईंनी १९५८ साली तोक्योत, ओगिकुबो भागातल्या आपल्या राहत्या घरी शेजारपाजारच्या मुलांसाठी छोटं वाचनालय उघडलं. कुठलं पान आलं की मुलं पुढे सरकतात आणि कुठे चुळबुळ सुरू होते, हे त्या तिथे बसून बघत. अशी घरगुती वाचनालयं पुढे जपानभर झाली.

आता त्या पातळ पुस्तकाकडे येते. फुकुइनकान शोतेन ही मूळची कानाझावा शहरातली संस्था. नावाचा अर्थच ‘शुभवर्तमानाचं घर’, कारण सुरुवात ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून झाली. तिथे मात्सुइ तादाशी नावाचा तरुण संपादक होता. एप्रिल १९५६ मध्ये त्याने ‘कोदोमो नो तोमो’, म्हणजे ‘मुलांचा सोबती’, हे मासिक सुरू केलं. तोवरच्या मुलांच्या मासिकात चार गोष्टी, दोन गाणी, एखादं कोडं, थोडं रंगकाम असा मिसळीचा थाट असे. मात्सुइंनी सगळं काढून टाकलं आणि एका अंकात एकच नवी गोष्ट ठेवली. अंक दुकानांपेक्षा बालवाड्या आणि पाळणाघरांमार्फत घरोघर जाऊ लागला.

या व्यवस्थेतली खुबी नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट नाही. मासिक असल्यामुळे दर महिन्याला नवं पुस्तक काढावंच लागतं, म्हणजे नवे लेखक-चित्रकार शोधावेच लागतात. कागद साधा आणि बांधणी पिनांची असल्यामुळे एखादा प्रयोग फसला तरी घर बुडत नाही. वर्गणीदार आधीच ठरलेले, त्यामुळे अनोळखी चित्रकाराचं पुस्तकही पहिल्याच दिवशी हजारो मुलांच्या हातात पडतं. मग बाई कळवतात, आया कळवतात, आणि जे पुस्तक मुलं फाटेपर्यंत वाचतात ते काही वर्षांनी जाड पुठ्ठ्यात निघतं. जपानची बरीच गाजलेली चित्रपुस्तकं आधी अशी पातळ जन्मली आणि मग मुलांनी ती पक्की करून घेतली.

मात्सुइंची एक गणिती मांडणी प्रसिद्ध आहे. मजकूर अधिक चित्र म्हणजे सचित्र पुस्तक, आणि मजकूर गुणिले चित्र म्हणजे चित्रपुस्तक. ते दुसरं एक सतत सांगत, की चित्रपुस्तक हे मुलाने स्वतः वाचायचं पुस्तक नव्हे, मोठ्याने मुलाला वाचून दाखवायचं पुस्तक आहे. हे ऐकून आपल्याकडचे पालक दचकतात, ‘मग वाचायला कसं शिकणार?’ पण दोन्ही वाक्यं एकत्र ठेवून पाहा. शब्द कानातून येतात आणि त्याच वेळी डोळे चित्रावर मोकळे असतात. मूल अक्षरं जुळवत बसलं की चित्र बघायचं राहतं. वाचणारा मोठा माणूस समोर असेल तरच तो गुणाकार होतो. तुमच्या बालवाडीत जपानी न येणारी मुलंसुद्धा ती पुस्तकं सोडत नाहीत, कारण निम्मी गोष्ट त्यांना आधीच वाचता येते.

या मासिकातली तीन पुस्तकं मी जरा जवळून दाखवते.

१९६२ सालचं ‘ओओकिना काबु’, म्हणजे प्रचंड मोठा सलगम. गोष्ट रशियन, अलेक्सेइ तोलस्तोयच्या संग्रहातली. आजोबा सलगम ओढतात, आजी येते, नात येते, कुत्रा, मांजर, शेवटी उंदीर. चित्रं काढली सातो चुर्यो यांनी. ते व्यवसायाने शिल्पकार, आणि युद्धानंतर सैबेरियात कैदेत राहून आलेले. पाठ, टाच, मुठी यांत वजन कसं उतरतं हे त्यांना हाताने माहीत होतं, आणि चित्रातला आजोबा पाहताना ते कळतं. भाषांतर उचिदा रिसाको यांचं, आणि खरी कमाल तिथेच आहे. सलगम निघत नाही हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं, पण त्याच्या तोंडाशी येणारा शब्द त्या बदलत राहतात. मी मराठीत वाचते तेव्हा ते असं होतं: ‘पण सलगम निघेना.’ मग ‘तरीसुद्धा निघेना.’ मग ‘छे, अजूनही निघेना.’ मग ‘काही केल्या निघेना.’ एवढ्याशा बदलाने मुलांचा श्वास वर चढत जातो. ओढतानाच्या जपानी आरोळीच्या जागी मी ‘हुप्पा हुय्या’ घालते. चौथ्या वेळेपर्यंत सगळा वर्ग उभा राहिलेला असतो.

दुसरं ‘गुरी तो गुरा’, डिसेंबर १९६३ चं. नाकागावा रिएको तोक्योतल्या एका पाळणाघरात बाई होत्या, आणि चित्रं त्यांच्या धाकट्या बहिणीची, यामावाकी युरिको यांची. नाकागावांच्या वर्गातल्या मुलांना परदेशी पुस्तकातल्या ढीगभर पॅनकेकची गोष्ट फार आवडायची. आपल्या मुलांना त्याहून झकास काहीतरी खाऊ घालावं, असं बाईंच्या मनात आलं आणि कास्तेरा केकची गोष्ट जन्माला आली. दोन रानउंदरांना जंगलात प्रचंड अंडं सापडतं. घरी नेता येत नाही, म्हणून ते कढईच जंगलात आणतात. केक फुगतो, वास सुटतो, जंगलातले लहानमोठे सगळे प्राणी येऊन बसतात, आणि सगळ्यांना पुरतो. कुणी चोरत नाही, कुणाला धडा शिकवला जात नाही. या गोष्टीत खलनायकाची गरजच पडत नाही, आणि हे एका पाळणाघरातल्या बाईंनाच सुचू शकतं.

युरिकोंनी उंदीर काढण्याआधी उएनोच्या विज्ञान संग्रहालयात जाऊन खरे नमुने पाहिले. तिथल्या एका नारिंगी उंदराचा रंग गुरी-गुराच्या अंगावर आला. आणि पानांची पार्श्वभूमी? पांढरी. झाडं हवीत तेवढीच, बाकी कागद कोरा. माझ्या स्वतःच्या एका मराठी पुस्तकाच्या वेळी चित्रकार मुलीने अशीच मोकळी जागा ठेवली होती. प्रकाशकांनी ‘पान रिकामं दिसतंय’ म्हणून तिथे ढग, फुलपाखरं आणि इंद्रधनुष्य भरायला लावलं. ते पुस्तक वाचताना मुलांची नजर मुख्य पात्रावर ठरत नाही, हे मी दर वेळी पाहते आणि हळहळते. कढईतल्या पिवळ्याधमक केकचं पान आलं की मात्र मुलं हात पुढे करून चिमूट तोडतात आणि तोंडात घालतात. जपानमध्ये तेच पाहिलं, पुण्यातही तेच.

या पुस्तकात उंदरांचं एक छोटं गाणं आहे. त्याला चाल दिलेली नाही. घरोघरी आई-बाबा आपापली चाल लावतात, आणि मोठेपणी लोक एकमेकांना विचारतात, ‘तुमच्या घरी कुठल्या चालीत होतं?’ माझी मुलगी आज नोकरी करते आणि अजून तिच्या बाबांच्या बेसूर चालीतच ते गुणगुणते.

तिसरं ‘सुहो नो शिरोइ उमा’, सुहोचा पांढरा घोडा. चित्रकार आकाबा सुएकिची. त्यांचं पहिलं चित्रपुस्तक, बर्फातल्या जिझोच्या, म्हणजे वाटसरूंच्या आणि मुलांच्या रक्षक देवाच्या, दगडी मूर्तींची गोष्ट, याच मासिकात १९६१ साली आलं तेव्हा ते पन्नाशीला आले होते. तरुणपणीची पंधरा वर्षं मांचुरियात गेली, तिथून ते आतल्या मंगोलियात हिंडून आले होते. आपल्या मुलांनी असं विशाल क्षितिज पाहिलेलंच नाही, ते दाखवायचं, ही त्यांची ओढ. मंगोल धनगरपोराची आणि त्याच्या घोड्यापासून बनलेल्या वाद्याची ही गोष्ट १९६१ मध्ये मासिकात आली, पण त्या मापात गवताळ मैदान मावेना. १९६७ साली त्यांनी सगळी चित्रं पुन्हा, मोठ्या आडव्या पानांवर काढली. पुस्तक पूर्ण उघडलं की दोन्ही पानं मिळून एकच लांबलचक जमीन होते आणि माणसं त्यात बोटभर उरतात. वर्गातल्या शेवटच्या रांगेतही ते अंतर पोचतं. १९८० साली आकाबांना चित्रकारांसाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला, जपानी चित्रकाराला पहिल्यांदाच.

काको सातोशी यांचं नाव घेतलं नाही तर ही हकिगत लंगडी पडेल. हे तोक्यो विद्यापीठाचे इंजिनिअर, रसायनाच्या कंपनीत नोकरी. विमानदलात जायची इच्छा होती, डोळ्यांमुळे नाकारले गेले. बरोबरीची मुलं युद्धात मेली आणि आपण १९ व्या वर्षी जिवंत उरलो, ही टोचणी त्यांना आयुष्यभर होती. उरलेलं आयुष्य मुलांच्या उपयोगी पडावं म्हणून ते सुट्टीच्या दिवशी कावासाकीतल्या कामगार वस्तीत जाऊन कामिशिबाइ, म्हणजे पेटीतले पुठ्ठे एकामागून एक ओढत सांगायच्या गोष्टी, करून दाखवत. गोष्ट कंटाळवाणी झाली की पोरं उठून चतुर पकडायला निघून जायची. माझ्या मते काकोंचं खरं शिक्षण तिथे झालं. १९५९ मध्ये धरण बांधणाऱ्या कामगारांवर त्यांचं पहिलं चित्रपुस्तक आलं, मग १९६७ मध्ये ‘दारुमाचान तो तेंगुचान’ आणि १९७३ मध्ये कावळ्याच्या बेकरीचं ‘कारासु नो पानया-सान’. त्यातलं एक जोडपान नुसत्या पावांनी भरलंय. नाना आकारांचे पाव, प्रत्येकाचं नाव लिहिलेलं. त्या पानावर माझी गोष्ट दर वेळी दहा मिनिटं थांबते, कारण प्रत्येक मुलाला आपला पाव निवडायचा असतो.

आता चिहिरो. त्यांनी आधी सुलेखन शिकलं होतं, आणि त्यांच्या जलरंगात ती वळणदार ओघवती रेघ आणि ओल्या कागदावर पसरणारा रंग एकत्र येतात. गालाची कड कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. पण ही चित्रं गोड म्हणून सोडून देऊ नका. दहा महिन्यांचं बाळ आणि वर्षाचं बाळ यांतला फरक त्या समोर मूल नसतानाही काढू शकत, इतकं त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. तोत्तोचानच्या बाबतीत म्हणूनच जमलं. कुणा एकीचा चेहरा त्यांनी रंगवला नव्हता, अमुक वयाचं मूल कसं उभं राहतं, कसं वाकून बघतं, ते रंगवलं होतं. शिवाय चित्रकाराला त्याचं मूळ चित्र परत मिळालं पाहिजे, पुनर्मुद्रणात त्याचा हक्क राहिला पाहिजे, यासाठी त्या प्रकाशकांशी भांडल्या. तोक्योतलं त्यांचं घर १९७७ साली संग्रहालय झालं, चित्रपुस्तकांच्या कलेला वाहिलेलं जगातलं पहिलं. त्यांची ९,००० हून अधिक चित्रं जपली गेली, ती या भांडणामुळेच.

१९७७ हे साल मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. त्या एका वर्षात काय काय आलं पाहा. आन्नो मित्सुमासा यांचं ‘ताबी नो एहोन’: एक माणूस होडीतून येतो, घोडा घेतो आणि युरोपभर फिरतो, एक अक्षर न लिहिता. त्सुवानो गावात जन्मलेले आन्नो आधी शाळामास्तर होते, आणि एक प्रश्न देऊन वर्गाला गुंतवून ठेवायची मास्तरांची हातोटी त्यांच्या पानापानात आहे. सानो योको यांचं दहा लाख वेळा जगलेल्या मांजराचं पुस्तक: दहा लाख वेळा मेल्यावरही न रडलेलं ते मांजर एका पांढऱ्या मांजरीवर जीव लावतं. मोठी माणसं शेवटच्या पानावर गप्प होतात. गोमी तारो यांचं सगळ्या प्राण्यांच्या शीचं पुस्तक, तेही मुलांच्या विज्ञानमासिकाचा अंक म्हणून. आणि कवी तानिकावा शुनतारो आणि अमूर्त चित्रकार मोतोनागा सादामासा यांचं ‘मोको मोकोमोको’. विशी ओलांडलेल्या त्या मासिकी परंपरेला जणू एकाच हंगामात सगळीकडून बहर आला होता.

‘मोको मोकोमोको’मध्ये गोष्ट नाही, नुसते आवाज आहेत. जमिनीतून काहीतरी फुगून वर येतं, शेजारी दुसरं काहीतरी उगवतं, एक दुसऱ्याला खातं, फुगतं, फुटतं, पुन्हा शांत. मोठी माणसं बुचकळ्यात पडतात आणि वर्षाची बाळं खिदळतात. जपानीत शांततेलाही आवाज आहे, ‘शीऽऽन’. इंग्रजीत आणताना भाषांतरकारांची इथे त्रेधा उडते. मराठीत मात्र आपल्याकडे ‘सामसूम’ तयार आहे, म्हणून पाहा! ‘मोको’ला मी ‘टम्म’ म्हणते, गिळण्याला ‘गट्टम’, फुटण्याला ‘फटाक्’. कोंब टुपकन वर यावा तसं काहीतरी उगवतं त्या ‘न्योकी’ला एकच चपखल शब्द मला आजही सापडलेला नाही. खळखळ, टपटप, धाडकन, चटकन, लखलख यांवर वाढलेल्या भाषेला जपानी चित्रपुस्तक परकं वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मात्सुतानी मियोको आणि सेगावा यासुओ यांचं १९६७ चं ‘इनाइ इनाइ बा’ जपानमध्ये ७० लाखांवर खपलंय. आपल्या भाषेत ते ‘बुवाऽऽ... कूक!’ एवढंच आहे. पान उलटणं म्हणजे चेहऱ्यावरचे हात काढणं.

नंतरच्या काळाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे पोचायला तुम्हाला वेळ आहे. चो शिन्ता यांनी अर्थाला सुट्टी देऊन निखळ वेडेपणा आणला. ताशिमा सेइझो यांनी चिखलासारखा दणकट रंग आणला. इवामुरा काझुओ यांनी १९८३ पासून चौदा उंदरांच्या कुटुंबातून ऋतू दाखवले. आराइ र्योजी यांना २००५ साली बालसाहित्यासाठीचा आस्त्रिद लिंडग्रेन पुरस्कार मिळाला. २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी सकाळ झाल्यावर खिडकी उघडण्याचं एक साधं पुस्तक केलं, आणि मला ते त्यांच्या सगळ्या पुस्तकांत जवळचं वाटतं. साकाइ कोमाको काळ्या रंगावर रंग चढवून बर्फाची मुकी दुपार दाखवतात. योशिताके शिन्सुके यांनी २०१३ साली एका सफरचंदाकडे बघत ‘हे सफरचंद नसेलही’ असं म्हणत चाळिशीत सुरुवात केली, आणि मुलांच्या डोक्यात चालणारे ‘जर-तर’ पानभर बारीक चित्रांत मांडले. त्यांची पुस्तकं गटापेक्षा एकेकट्या मुलाबरोबर वाचायची, चित्रं फार लहान असतात.

तर तुम्ही काय करावं? वर्गासाठी सलगमपासून सुरुवात करा, मग गुरी-गुरा. आन्नोंच्या प्रवासाला भाषा लागतच नाही. तो दोन-तीन मुलांच्या घोळक्यात जमिनीवर पसरून बघा आणि तुम्ही काही सांगू नका, मुलं सांगतील. मजकुराचं मराठी कागदाच्या पट्टीवर लिहून पानाच्या मागे ठेवा, चित्रावर चिकटवू नका. आवाज बदलून नाटक करायची गरज नाही. आपल्या नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश. पान उलटण्याआधी क्षणभर थांबा.

आणि हायाशी आकिको यांचं ‘हाजिमेते नो ओत्सुकाइ’, म्हणजे ‘पहिलंवहिलं काम’, मिळालं तर सोडू नका. मजकूर त्सुत्सुइ योरिको यांचा. मासिकात १९७६ साली आलं, पुठ्ठ्यात १९७७ साली. पाच वर्षांची मीचान शंभर येनची दोन नाणी मुठीत घेऊन बाळासाठी दूध आणायला एकटी निघते. चढावर पडते, नाणी घरंगळतात, गुडघा फुटतो. दुकानात तिचा आवाज कुणाला ऐकूच जात नाही. आधी काळ्या चष्म्याचे काका सिगरेट घेतात, मग जाडजूड बाई पाव घेते. मोठी माणसं पानाच्या वरच्या टोकापर्यंत उभी आणि मीचान खाली एवढीशी. शेवटी तिचा आवाज फुटतो, दुकानदारीण तिला पाहते आणि माफी मागते, आणि इतका वेळ दाबून धरलेला एक थेंब तिच्या गालावर ओघळतो. या पानावर माझ्या वर्गात कुणीच बोलत नाही.

उताराच्या पायथ्याशी आई बाळाला घेऊन उभी असते आणि मजकूर तिथे संपतो. पण पुस्तक लगेच मिटू नका. उलटं करून मागचं मुखपृष्ठ मुलांसमोर धरा. तिथे एकही शब्द नाही. मीचान बसून दूध पितेय आणि तिच्या गुडघ्याला पट्टी लावलेली आहे.